एडिटिंग पुढच्या पातळीवर न्यायचंय : क्लास लावू की घरीच शिकू? (पुणे)

तिरपी_चौकट | मंगळवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. बाणेरच्या एका कंपनीत ट्रेनिंगचे व्हिडिओ एडिट करते. म्हणजे मधोमध बोलणारा माणूस, बाजूला स्लाइड, खाली सबटायटल आणि मागे ते सगळीकडे वाजणारं टुंगटुंग संगीत. प्रीमिअर प्रो हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर हातात बसलंय. आता हे सगळं डोळे मिटून होतं आणि तेच नकोसं झालंय. मला माहितीपट आणि शॉर्ट फिल्मच्या पोस्टमध्ये, म्हणजे शूटिंगनंतरच्या कामात शिरायचंय. कलर, साउंड, मल्टिकॅम (अनेक कॅमेऱ्यांचं एडिट), सगळं नीट शिकायचंय.

कर्वे रस्त्यावरच्या एका क्लासमध्ये चौकशी करून आले. 'अ‍ॅडव्हान्स्ड पोस्ट-प्रॉडक्शन', सहा महिने, फी एक लाख चाळीस हजार. प्रीमिअर, आफ्टर इफेक्ट्स, रिझॉल्व्ह, 'बेसिक व्हीएफएक्स' आणि वर 'प्लेसमेंट असिस्टन्स'. दोनच जागा उरल्यात, हे काउन्सेलर मॅडमनी चहा येईपर्यंतच दोनदा सांगितलं.

विचारायचंय ते असं : हा खर्च करावा का? घरी शिकायचं तर सुरुवात कुठून? माझा लॅपटॉप १६ जीबी रॅमचा आहे, पण मोबाइलवर शूट केलेलं ४के टाइमलाइनवर टाकलं की अडखळतो. आणि असल्या कामासाठी शेवटी मुंबई गाठावीच लागते का?

पेठेतला_उंबरा | रात्री ९:१४

दोनच जागा उरल्यात? त्या २०१६ पासून उरल्यात. आमचा भाचा गेला होता तेव्हाही दोनच होत्या.

कट_मारा | रात्री ९:३१

ताई, एक लाख चाळीस हजारात चांगलं ग्राफिक कार्ड, मॉनिटर आणि एसएसडी येईल. क्लास नको.

डाविंची रिझॉल्व्ह फुकट उतरवून घ्या. एडिट, कलर, साउंडचं फेअरलाइट, कंपोझिटिंगचं (चित्रावर चित्र बसवायचं) फ्यूजन, सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये आहे. ते बनवणाऱ्या ब्लॅकमॅजिकच्या साइटवर ट्रेनिंगची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, सोबत सरावाचं फुटेजही. क्लासवाले तेच फुटेज पुढे ठेवून शिकवतात. मर्यादा आहेत : फुकट आवृत्तीतून अल्ट्रा एचडीच्या वर एक्स्पोर्ट होत नाही, नॉइज रिडक्शन मिळत नाही, विंडोजवर काही कॅमेऱ्यांच्या १० बिट एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायचा एक प्रकार) फाइल्स अडतात. लिनक्सवर तर साधं एच.२६४ पण घेत नाही. स्टुडिओ आवृत्तीची किंमत २९५ डॉलर, तीही एकदाच. दर महिन्याचं भाडं नाही.

चिंचवडची_माही | रात्री ९:५८

मी असा कोर्स केलाय. नाव घेत नाही, फी अजून फिटतेय. :)

पहिले दोन महिने झकास गेले, सर खरोखर कामातले होते. मग त्यांना एका मालिकेचं काम मिळालं आणि ते गेले. त्यांच्या जागी आमच्याच आधीच्या बॅचचा मुलगा आला. आफ्टर इफेक्ट्सच्या नावाखाली तयार टेम्प्लेटमध्ये नाव बदलायला शिकवलं. कलर म्हणजे एक एलयूटी, रंगांचा तयार साचा, ओढून टाकायचा आणि 'बघा, सिनेमॅटिक झालं' म्हणायचं. प्लेसमेंट म्हणून एका रिअल इस्टेटवाल्याकडे रील कापायला पाठवलं.

तरी कट_मारा यांच्याशी सहमत नाही. घरी शिकताना कुणी 'हा शॉट काढ' म्हणत नाही. मला ते त्या पहिल्या सरांनी म्हटलं. त्या दोन महिन्यांवरच आज पोट चालतंय.

तेव्हा क्लासला जाणारच असाल तर तीन प्रश्न लेखी विचारा. शिकवणार कोण, आणि तोच शेवटपर्यंत राहणार का? सरावाला फुटेज कुणाचं? आमचं काम बसून बघणार कोण?

रीळवाला_काका | रात्री १०:२०

माहीताईंनी नेमकं सांगितलं.

मी टेपच्या काळातला. यू-मॅटिक, मग बीटाकॅम. एका डेकवर मूळ टेप, दुसऱ्यावर मास्टर, मध्ये एडिट कंट्रोलर. बटण दाबलं की दोन्ही डेक पाच सेकंद मागे जाणार, मग एकत्र धावत येऊन बरोबर जागेवर कट मारणार. वीस मिनिटांच्या कार्यक्रमात चौथ्या मिनिटाला शॉट चार सेकंदांनी वाढवायचा म्हटलं तर पुढचं सगळं पुन्हा उतरवायचं. ते टाळायला मास्टरचीच कॉपी करावी, तर एक पिढी खाली आणि चित्र मऊ. त्यामुळे कट मारण्याआधी कागदावर लिहायची सवय लागली : कुठला शॉट, टाइमकोड (टेपवरची नेमकी वेळ) किती, का.

आताच्या मुलांना काय, कंट्रोल-झेड आहे.

कट_मारा | रात्री १०:२६

काका, कंट्रोल-झेड वाईट कधीपासून झालं? :) तुम्ही एका कटला जेवढा वेळ द्यायचात तेवढ्यात मी दहा पर्याय करून बघतो.

रीळवाला_काका | रात्री १०:३३

करा की. पण दहातला कुठला ठेवायचा, ते सांगणारं बटण अजून निघालं नाही.

पेठेतला_उंबरा | रात्री १०:३४

शेंगदाणे घेऊन बसलोय. चालू द्या.

वरातवाला | रात्री ११:०५

आम्ही लग्नवाले. शॉर्ट फिल्मवाले आमच्याकडे नाक मुरडतात, पण दोन शब्द बोलतो.

पुण्यात लग्नाच्या एडिटिंगला अजून 'मिक्सिंग'च म्हणतात आणि निम्मी दुकानं अजून एडियस या सॉफ्टवेअरवर चालतात. कारण साधं आहे : जुन्या मशीनवरही पळतं आणि चार तासांचं ट्रॅडिशनल, म्हणजे लग्नाचा पूर्ण व्हिडिओ, एका बैठकीत निघतं. ताई, हे काम कमी लेखू नका. तीन कॅमेरे, तिघांचा व्हाइट बॅलन्स वेगळा, हॉलमध्ये पिवळे दिवे, स्टेजमागे एलईडी वॉल, गुरुजींचा माइक शिट्टी मारतोय आणि रीटेक नाही. असलं फुटेज कुठला क्लास देतो?

एक उदाहरण देतो. अंतरपाट खाली येतो तो क्षण. नवा पोरगा 'सावधान' ऐकलं की लगेच वाइडवर उडी मारतो, अक्षता उडताना दिसतात म्हणून. मी पाट धड दाखवतच नाही. नवरीच्या क्लोजवर थांबतो. पाटाची कड फ्रेममधून खाली सरकते. तिची नजर आधी खाली असते, मग वर जाते. ती वर गेली की अर्धा सेकंद आणखी राहायचं, मगच नवऱ्याचा चेहरा. वाजंत्री मात्र चित्राच्या आधी आत घ्यायची, तिचा चेहरा चालू असतानाच. वाइड सगळ्यात शेवटी. क्लायंटच्या आईच्या डोळ्यात तिथेच पाणी येतं आणि उरलेलं पेमेंटही तिथेच सुटतं.

तिरपी_चौकट | रात्री ११:२०

वरातवाला, हे वाचून काटा आला. आवाज आधी आणि चित्र मागून, म्हणजे जे-कट. नाव ठाऊक होतं, तो कुठे मारायचा ते आत्ता कळलं.

गोठलेली_फ्रेम | बुधवार, सकाळी ७:४५

लॅपटॉप का अडखळतो ते सांगतो, म्हणजे उगाच रॅम घ्यायला पळणार नाही.

मोबाइल एच.२६४ किंवा एच.२६५ मध्ये रेकॉर्ड करतो. त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. एक फ्रेम पूर्ण आणि पुढच्या कित्येक फ्रेम म्हणजे नुसता 'आधीपेक्षा काय बदललं' याचा हिशोब. सरळ बघताना चालतं. पण टाइमलाइनवर तुम्ही मधल्याच कुठल्या तरी फ्रेमवर उडी मारता, तेव्हा प्रोसेसरला मागच्या पूर्ण फ्रेमपासून हिशोब मांडत यावं लागतं. उलटं चालवलं तर बघायलाच नको.

उपाय प्रॉक्सी. त्याच फुटेजच्या हलक्या प्रती, प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबीमध्ये. त्यांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. एडिट प्रॉक्सीवर करायचं, एक्स्पोर्ट मूळ फाइलवरून. प्रीमिअर, रिझॉल्व्ह दोन्हींत सोय आहे. डिस्कवर जागा जाते, पण १६ जीबीचा लॅपटॉप पळायला लागतो.

दुसरं, मोबाइलचा फ्रेम रेट पुष्कळदा स्थिर नसतो. वेगळ्या रेकॉर्डरवरचा आवाज सुरुवातीला जुळतो आणि शेवटाकडे ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. अशा फाइल्स आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटला बदलून घ्या. शूट तुमच्या हातात असेल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइटखाली चित्र लपलपत नाही.

आवाज_कुणाचा | सकाळी ९:१२

कॉलेजात एकांकिकांना साउंड ऑपरेट करायचो, आता शॉर्ट फिल्मचं साउंड पोस्ट करतो. एडिटर लोकांबद्दल मनात बरंच साचलंय, आज मोकळं करतो.

'अ‍ॅडव्हान्स्ड' एडिटर कोण? माझ्या लेखी, ज्याचा प्रोजेक्ट दुसऱ्याच्या मशीनवर फोन न करता उघडतो तो. इफेक्ट किती येतात याच्याशी मला देणंघेणं नाही. घरी एकट्याने शिकणाऱ्यांचं घोडं इथेच अडतं, कारण आपलं काम दुसऱ्याच्या हातात द्यायची वेळच येत नाही. क्लासमध्येही कुणी हे शिकवताना पाहिलं नाही.

मला काय मिळतं ते सांगतो. 'फायनल_फायनल_२_खरंफायनल' नावाची एमपी४, त्यात गाणं आणि संवाद एकत्र मिसळलेले. आता गाण्याखालून संवाद वर कसा काढू, चिमट्याने? मला हवं एएएफ, म्हणजे एडिटमधला आवाज साउंडच्या सॉफ्टवेअरला द्यायची फाइल. संवाद, इफेक्ट, संगीत वेगवेगळ्या ट्रॅकवर आणि प्रत्येक क्लिपच्या दोन्ही टोकांना एक-दोन सेकंदांचं जादा शेपूट, म्हणजे हँडल्स. ते नसतील तर मला फेड करायलाही जागा नाही. सोबत टाइमकोड छापलेला रेफरन्स व्हिडिओ आणि पहिल्या फ्रेमच्या बरोब्बर दोन सेकंद आधी एका फ्रेमची टिक, त्याला टू-पॉप म्हणतात. दोन्हीकडची टिक जुळली की सिंक जुळला, तासभर डोकं फोडायला नको.

आणि 'पिक्चर लॉक झालंय (म्हणजे आता कट बदलणार नाहीत), फक्त एक छोटासा बदल आहे' हे वाक्य म्हणणाऱ्याला भर चौकात उभं करावं.

चिंचवडची_माही | सकाळी ९:२०

शेवटच्या वाक्याला +१. छोटासा बदल म्हणजे दुसऱ्या सीनमधला पूर्ण संवाद गेलेला असतो.

कट_मारा | सकाळी ९:४१

आवाज_कुणाचा, यूट्यूबला टाकायचं तर आवाजाची पातळी किती ठेवता? कुणी उणे १४ म्हणतं, कुणी उणे २३.

आवाज_कुणाचा | सकाळी ९:५५

दोन्ही बरोबर, जागा वेगळ्या. उणे २३ एलयूएफएस (आवाजाचा जोर मोजायचं एकक) हे युरोपातल्या टीव्ही प्रसारणाचं मानक, ईबीयू आर१२८. यूट्यूब साधारण उणे १४ च्या वरचं स्वतःच खाली आणतं. म्हणजे तुम्ही ढोलताशा पथकासारखं ठोकून दिलंत तरी तिथे जास्त जोरात वाजणार नाही, फक्त चढउतार मेलेले असतील. आधी संवाद स्वच्छ करा, बाकी त्याच्याभोवती बसवा.

रंगारी_कोथरूड | सकाळी ११:०२

कलरबद्दल थोडंसं. आधी स्कोप, म्हणजे चित्राचा उजेड आणि रंग मोजणारे आलेख, वाचायला शिका : वेव्हफॉर्म, परेड, व्हेक्टरस्कोप. दुपारी खिडकीतून ऊन आलं की डोळा फसतो, स्कोप नाही. व्हेक्टरस्कोपवर त्वचेच्या रंगाची एक रेषा असते. चेहरा गोरा असो की सावळा, रंगछटा त्या रेषेच्या आसपासच पडते. लोक चेहरा उजळवत बसतात आणि माणूस खडूसारखा दिसायला लागतो.

लॉगमध्ये, म्हणजे नंतर रंग द्यायला सोयीच्या फिकट प्रकारात, शूट केलेलं फुटेज फिकट दिसतं म्हणून लगेच एलयूटी लावू नका. कुठल्या कॅमेऱ्याचा लॉग आहे ते विचारा. सोनीचा एस-लॉग३ वेगळा, पॅनासॉनिकचा व्ही-लॉग वेगळा. रिझॉल्व्हमध्ये कलर स्पेस ट्रान्सफॉर्मने आधी रेक ७०९ ला, म्हणजे नेहमीच्या स्क्रीनच्या रंगांत आणा, मग हात चालवा. एलयूटी म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा.

वरातवाला | सकाळी ११:१०

आणि क्लायंट शेवटी बघणार व्हॉट्सअ‍ॅपवर, फुल ब्राइटनेस ठेवून. :)

शुद्ध_लेखणी | दुपारी १:३०

थोडं अवांतर. तुम्ही सगळे एडिटर एवढे हुशार, मग मराठी सबटायटलं अशी का असतात? वेलांटी भलत्याच अक्षरावर, जोडाक्षरं फुटलेली, 'प्रश्न' वाचताना प्रश्न पडतो. आणि 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे.

गोठलेली_फ्रेम | दुपारी १:५२

हे अवांतर नाही, पुण्यात काम करणाऱ्याला पहिल्या आठवड्यात लागतं. प्रीमिअरच्या प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली टेक्स्ट इंजिन असतं. ते 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करा, वेलांट्या जागेवर येतात. फॉन्ट युनिकोड हवा. मुक्ता, बालू हे फुकट मिळतात. काही ठिकाणी अजून श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली संहिता येते. ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते, नाहीतर स्क्रीनवर वेगळीच लिपी अवतरते.

'ल' आणि 'श' मात्र फॉन्टवर अवलंबून. काही फॉन्टमध्ये मराठी वळणं आत असतात, पण आपोआप लागत नाहीत. त्यामुळे फॉन्ट पक्का करण्याआधी 'शिल्लक' लिहून बघतो, दोन्ही अक्षरं एकदम कळतात.

शुद्ध_लेखणी | दुपारी १:५८

दंडवत घ्या. आता यात अनुस्वार तपासणाराही बसवा.

पेठेतला_उंबरा | दुपारी २:०५

त्याला टेक्स्ट इंजिन नाही, सदाशिव पेठ लागते.

लॉ_कॉलेज_रोड | दुपारी ४:४०

एफटीआयआय, म्हणजे फिल्म आणि टीव्ही शिकवणारी सरकारी संस्था, दारात असताना कुणी नाव कसं काढलं नाही? १९६० साली प्रभात स्टुडिओच्या आवारात सुरू झालेली संस्था. हिंदी चित्रपटांच्या एडिटर रेणू सलूजा इथूनच एडिटिंग शिकून गेल्या.

फिल्म विभागात एडिटिंगचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, टीव्ही विभागात व्हिडिओ एडिटिंगचा एक वर्षाचा. दोन्हींना पदवी आणि प्रवेश परीक्षा लागते, जागा मोजक्या. नोकरी सोडून तीन वर्षं देणं सगळ्यांना जमत नाही. पण त्यांचे छोटे कोर्सही असतात, काही ऑनलाइन. साइटवर लक्ष ठेवा. शिवाय एफटीआयआय आणि फिल्म अर्काइव्ह मिळून उन्हाळ्यात चित्रपट रसास्वादाचा कोर्स अनेक वर्षं घेत आले आहेत. त्यात सॉफ्टवेअर नसतं, बघायला शिकवतात.

सुट्टीत दोन-तीन दिवसांच्या 'फिल्ममेकिंग वर्कशॉप'चे फलक लागतात, ते वेगळे. त्यात प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो मिळतो.

रीळवाला_काका | संध्याकाळी ६:१५

रिळावरचे एडिटर स्टीनबेक या एडिटिंगच्या टेबलावर काम करायचे. ३५ एमएमची हजार फुटांची रीळ म्हणजे जेमतेम अकरा मिनिटं. नको असलेला तुकडाही फेकायचा नाही, नंबर लावून बिन नावाच्या पेटीत टांगायचा. परत लागला तर सापडला पाहिजे. मी टेपवाला, पण ही शिस्त त्यांच्याकडूनच उचलली. आजच्या भाषेत त्याला मीडिया मॅनेजमेंट म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात.

ताई, फोल्डरची रचना ठरवा. कॅमेऱ्याचं कार्ड आलं की पहिली कॉपी, दुसरी कॉपी, दोन्ही तपासल्यावरच कार्ड रिकामं. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर.

कट_मारा | संध्याकाळी ६:३०

काका, इथे मात्र पूर्ण सहमत. वाचनखूण साठवली.

चिंचवडची_माही | संध्याकाळी ७:०५

मुंबईचं राहिलंच. मालिका आणि मोठे चित्रपट हवे असतील तर मुंबई. तिथे एव्हिड हे सॉफ्टवेअर लागतं, असिस्टंट म्हणून शिरावं लागतं, आणि असिस्टंटचं काम म्हणजे काकांनी आणि आवाज_कुणाचा यांनी लिहिलं तेच : सिंक, फोल्डर, टर्नओव्हर (पुढच्या माणसाला फाइल्स देणं). माहितीपट, संस्थांच्या फिल्म, शैक्षणिक काम, लग्नं यावर पुण्यात घर चालतं. माझं चालतंय. फक्त पेमेंटला उशीर होतो. अर्धे आगाऊ घ्या आणि पूर्ण पैसे येईपर्यंत वॉटरमार्क काढू नका.

वरातवाला | संध्याकाळी ७:११

आणि 'एक्स्पोजर मिळेल' म्हणणाऱ्याला चहाही पाजू नका.

तिरपी_चौकट | रात्री ९:४०

सगळ्यांचे आभार. प्रॉक्सी करून पाहिल्या, लॅपटॉप तोच आहे पण आता अडत नाही.

आज क्लासला फोन करून माहीताईंचे तीन प्रश्न विचारले. सरावाचं फुटेज 'स्टॉकमधलं' आहे. शिकवणाऱ्याचं नाव बॅच सुरू झाल्यावर कळवतात. काम कोण बघणार याला उत्तर आलं की 'पीअर रिव्ह्यू' असतो, म्हणजे मुलंच एकमेकांचं बघणार. फी भरत नाहीये.

रिझॉल्व्ह उतरवलंय. एफटीआयआयच्या छोट्या कोर्सची वाट बघेन. अडचण एकच : मला दुसऱ्याने शूट केलेलं खरंखुरं फुटेज हवंय, सीनचं, क्लॅपसकट. ऑफिसच्या स्लाइडवर हे काही शिकता येणार नाही.

आवाज_कुणाचा | रात्री ९:५२

आमच्या ग्रुपची एक शॉर्ट फिल्म शूट होऊन पडली आहे. एडिटर बंगळुरूला नोकरीला गेला. बावीस मिनिटांची होईल असं दिग्दर्शक म्हणतो, म्हणजे बारात बसवा. एस-लॉग३ आहे, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर, दोन सीनमध्ये क्लॅपच नाही. पैसे नाहीत, हे आधीच सांगतो. श्रेयनामावलीत नाव आणि साउंड मी करणार.

पेठेतला_उंबरा | रात्री ९:५५

वरातवाला, चहाचं काय करायचं?

वरातवाला | रात्री १०:०१

हे चालतंय हो. याने पैसे नाहीत असं तोंडावर सांगितलंय, एक्स्पोजर नाही म्हणाला.

रंगारी_कोथरूड | रात्री १०:०८

एस-लॉग३ आहे म्हणताय तर कलरला माझ्याकडे पाठवा. पण एक्सएमएल (कटांची यादी असलेली फाइल) आणि मूळ फाइल्स हव्यात, एमपी४ नको.

तिरपी_चौकट | रात्री १०:१५

घेते! फक्त एक : फेस्टिव्हलला पाठवायची असेल तर २४ की २५ फ्रेम?

गोठलेली_फ्रेम | रात्री १०:२४

ज्या रेटने शूट झालंय त्यावरच एडिट करा. थिएटरसाठीचं डीसीपी (तिथे लावायची डिजिटल प्रत) सहसा २४ वर करतात. फुटेज २५ वर असेल तर शेवटी चार टक्के संथ करावं लागतं, त्याबरोबर आवाजही. ते साउंडवाल्याला आधीच सांगून ठेवा, मिक्स झाल्यावर नको.

आवाज_कुणाचा | रात्री १०:२९

२५ वरच आहे. सांगितलंत, ऐकलं, आता झोप उडाली.

ताई, शनिवारी संध्याकाळी भरत नाट्य मंदिराच्या बाहेर भेटू. दोन टीबीची डिस्क आणा, एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून. माझ्याकडे मॅक आहे, विंडोजच्या एनटीएफएसवर त्याला लिहिता येत नाही. आणि केबल तुमचीच आणा. आमची गेल्या प्रयोगाला कुणीतरी मोबाइल चार्जिंगला नेली, ती तिकडेच राहिली.

पेठेतला_उंबरा | रात्री १०:३१

दोन डिस्क न्या, ताई. काकांचं लक्ष आहे.